इल्फर्ड एचपी५ प्लस ४०० : साताऱ्याच्या काळ्या दगडावर आणि कडक उन्हात वापरून बघितलेली फिल्म

फिल्मवर ब्लॅक अँड व्हाईट शिकायचंय, कुठला रोल घेऊ, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं उत्तर इल्फर्ड एचपी५ प्लस, आयएसओ (म्हणजे उजेडाला किती संवेदनशील) ४००, ३५ एमएमचा ३६ फोटोंचा रोल. पाचपैकी साडेचार मार्क, अर्धा किमतीमुळे कापला.

या फिल्मबद्दल एक तक्रार सगळीकडे वाचायला मिळते की ही फ्लॅट आहे, नुसती करडी करडी दिसते, कोडॅकच्या ट्राय-एक्ससारखा दणका नाही. तक्रार खोटी नाहीये. नॉर्मल एक्स्पोज करून नॉर्मल डेव्हलप केली तर निगेटिव्ह खरंच मऊ येते, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक (कॉन्ट्रास्ट) कमी. पण आपल्या सातारा भागात जे फोटो काढायला माणूस बाहेर पडतो त्याला हा मऊपणाच लागतो, आणि हे मला खूप मनापासून सांगायचंय, कारण लोक दुसऱ्या देशातल्या ढगाळ उजेडात काढलेले फोटो बघून फिल्म ठरवतात आणि मग इथल्या उन्हात सगळं काळं-पांढरं फटफटीत आलं की नाराज होतात.

आता बघा, आपल्याकडे देऊळ घ्या, घाट घ्या, विहीर घ्या, किल्ल्याचा दरवाजा घ्या, सगळं काळ्या बेसॉल्टचं. त्यात सकाळी दहानंतर ऊन असं पडतं की उन्हातली पायरी आणि सावलीतला दगड यात सहा-सात स्टॉपचा फरक सहज होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), वर आकाश वेगळंच. अशा ठिकाणी मुळातच कॉन्ट्रास्टी असलेली फिल्म टाकली की सावलीतला दगड म्हणजे डांबर. एचपी५ तिथे सावलीपण धरते आणि उन्हातलंपण जाळत नाही. कॉन्ट्रास्ट नंतर प्रिंटमध्ये किंवा स्कॅन केल्यावर वाढवता येतो, पण निगेटिव्हवर जे आलंच नाही ते कुठून आणणार.

थोडी माहिती देतो. इल्फर्ड कंपनी १८७९ची, आल्फ्रेड हार्मन नावाच्या माणसाने इंग्लंडात सुरू केलेली, आणि आज ही फिल्म बनवणाऱ्या कंपनीचं नावपण हार्मन टेक्नॉलॉजी, कारखाना चेशायरमधल्या मोबर्ली गावात. एचपी५ प्लस बाजारात आली १९८९ला आणि अजून चालूच आहे, त्यामुळे हिच्यासाठी कुठलाही डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) घ्या, त्याचा टाइम कोणीतरी आधीच काढून ठेवलेला असतो. नवीन माणसाला याचा लय फायदा होतो.

हिची खरी परीक्षा बघायची असेल तर लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर जा. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना हायवेवरून लिंबला आत वळायचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची विहीर, वीरुबाई भोसल्यांनी बांधलेली, अष्टकोनी, आणि आत चक्क खांबांचा महाल. पायऱ्या उतरून आत गेलं की एकदम अंधार, पुढे कमानीतून विहिरीचं तोंड दिसतं, तिथे भर दुपारी वरून उन्हाचा झोत थेट पाण्यावर पडतो आणि बाजूच्या भिंती काळ्याभोर. मोबाईलने काढा, एकतर पाणी पांढरं होतं नाहीतर भिंत नाहीशी होते.

इथे मी जे करतो ते सांगतो. फिल्म ४०० ची आहे हे विसरायचं आणि कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर २०० वर लावायचं. मग सावलीतल्या ज्या दगडात तुम्हाला तपशील पाहिजे त्याच्या जवळ जाऊन, फ्रेममध्ये फक्त तोच दगड भरून मीटर वाचायचं. मीटर कुठल्याही गोष्टीला मधला करडा समजतं, काळ्या दगडाला पण, म्हणून तो सांगतो ते ऐकलं तर दगड सिमेंटसारखा दिसेल. तिथून दोन स्टॉप कमी करायचे. समजा मीटरने लेन्सच्या एफ २.८ ला १/१५ सेकंद सांगितलं तर १/६० लावायचा आणि मागे येऊन फोटो काढायचा. झालं. ही अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास बसवलेली झोन सिस्टीमच आहे, तिचा एवढा तुकडा समजला तरी पुष्कळ काम होतं. सावली झोन तीनवर, म्हणजे गडद पण तपशील दिसेल अशी ठेवली, आता उरलं ऊन, तर ते आवरायचं डेव्हलप करताना, नेहमीच्या टाइमपेक्षा साधारण वीस टक्के कमी. कारण निगेटिव्हवर सावलीचा भाग डेव्हलपरमध्ये पहिल्या काही मिनिटांतच जवळपास येऊन जातो, उन्हाचा भाग मात्र जेवढा वेळ ठेवाल तेवढा घट्ट होत राहतो. म्हणून सावली एक्स्पोजरने ठरवायची आणि ऊन टाइमने.

अशी काढलेली एक निगेटिव्ह माझ्यासमोर लाइटबॉक्सवर आहे. खांबाच्या सावलीतल्या अंगाला छिन्नीचे घाव एकेक मोजता येतात, दगडाच्या सांध्यातलं शेवाळ वेगळं कळतं, आणि त्याच फ्रेममध्ये पाण्यावरचा उन्हाचा पट्टा आहे त्याच्यात तरंगणारी पानंसुद्धा शाबूत आहेत. ग्रेन म्हणजे फिल्मचे दाणे दिसतात, नाही असं नाही, पण बेसॉल्टच्या खडबडीत पोताला तो ग्रेन शोभतो, दगड हाताला लागेल असा वाटतो.

आत जिन्याच्या वाटेत मात्र ट्रायपॉड लागतो आणि तिथे रेसिप्रोसिटी फेल्युअर नावाचा प्रकार डोक्यात ठेवा. म्हणजे काय, एक सेकंदाच्या पुढे गेलं की फिल्म सुस्त होते, मीटर सांगतं तेवढ्यात भागत नाही. एचपी५ साठी कंपनीचाच हिशोब असा की मीटरचे सेकंद घ्यायचे आणि त्याचा १.३१ वा घात काढायचा. कॅल्क्युलेटर नको असेल तर दोनच आकडे पाठ करा, ४ सेकंद आले तर ६ द्या, १० आले तर २० द्या. मधलं अंदाजाने.

आता फिल्टर. यात मला सगळ्यात जास्त मजा आली ती कासला, आणि लोकांना हे ऐकूनच नवल वाटतं की रंगीत फुलांसाठी जग जिथं येतं तिथं हा ब्लॅक अँड व्हाईट घेऊन काय करतो. पण रंग काळ्या-करड्या-पांढऱ्या पट्टीवर कसे बदलतात ते शिकायला कासच्या पठारासारखी दुसरी जागा नाही. सीझनमध्ये एका बाजूला पिवळी सोनकी, दुसऱ्या बाजूला गुलाबी-जांभळा तेरडा, खाली हिरवंगार गवत. फिल्टर न लावता काढा, तेरडा आणि गवत जवळजवळ एकाच करड्या रंगाचे येतात, फुलं कुठं आणि गवत कुठं काही कळत नाही. लाल फिल्टर लावा, गवत काळवंडतं आणि सोनकी त्याच्यावर पांढरीशुभ्र उठून येते, तेरडापण उजळतो. हिरवा लावला की उलटं, गवत उजळ आणि तेरडा गडद. एकाच जागेवर उभं राहून, ट्रायपॉड न हलवता, लागोपाठ फ्रेम काढा आणि वहीत लिहून ठेवा कुठली कशावर. एचपी५ सगळ्या रंगांना जागी असलेली म्हणजे पॅनक्रोमॅटिक फिल्म आहे, म्हणून हे शक्य होतं.

पिवळा फिल्टर एक स्टॉप खातो, केशरी दोन, गडद लाल तीन. ४०० ची फिल्म असल्यामुळे तीन स्टॉप गेले तरी हातात ५० उरतात, उन्हात हाताने फोटो निघतो. १०० च्या फिल्मवर लाल लावला की बऱ्याचदा ट्रायपॉड लागतो. अजून एक, कॅमेऱ्यातलं मीटर लाल फिल्टरमधून बघून बऱ्याचदा चुकीचं सांगतं, म्हणून फिल्टर काढून मीटर करा आणि तीन स्टॉप स्वतःच्या हाताने वाढवा. आणि कासला धुकं उतरलं की फिल्टर सरळ बॅगेत ठेवा. उन्हाळ्यातल्या दुरच्या धुरकट डोंगरांवर केशरी-लाल फिल्टर काम करतो कारण ती धूसरता निळसर असते, पावसाळी धुक्याचे थेंब मोठे असतात आणि ते सगळेच रंग सारखे पसरवतात, तिथे फिल्टरने काही फरक पडत नाही, फक्त स्टॉप वाया जातात. अजिंक्यताऱ्यावरून एप्रिल-मे मध्ये शहर आणि मागचे डोंगर काढायचे असतील तर केशरी बेस्ट, लाल जरा नाटकी वाटतो मला.

संध्याकाळचं सांगायचं तर राजवाड्यासमोरची चौपाटी. गाड्यांवरचे दिवे, तव्याची वाफ, गर्दी. इथे मीटर १६०० वर लावून पूर्ण रोल काढायचा, अर्धा ४०० वर आणि अर्धा १६०० वर चालत नाही कारण डेव्हलप सगळा एकत्रच होतो. ५० एमएमची लेन्स, एफ २, १/६०, दिव्याच्या जवळचा चेहरा मिळतो. इल्फर्डच्या आयडी-११ डेव्हलपरमध्ये पाणी न मिसळता २० डिग्रीला ४०० साठी साडेसात मिनिटं आहेत, १६०० साठी १४ मिनिटं. ग्रेन वाढतो, सावल्या थोड्या जातात, कॉन्ट्रास्ट वाढतो. आणि परत तोच मुद्दा, मुळात मऊ फिल्म आहे म्हणून कॉन्ट्रास्ट वाढूनसुद्धा माणसांचे चेहरे माणसांसारखे राहतात. पाणीपुरीवाल्या दादांचा एक फोटो प्रिंट करून त्यांनाच दिला, त्यांनी गाडीवर चिकटवलाय.

घरी डेव्हलप करा, हे मी हात जोडून सांगतो. सुरुवातीला मी बाहेरगावी एका लॅबला रोल पाठवायचो, परत येताना निगेटिव्हवर लांबच्या लांब ओरखडे आणि स्कॅन असे की सगळं एकाच करड्या रंगात. शिवाय वीस टक्के कमी करा, १६०० चं धरा असं सांगितलं तरी केलं की नाही कळायला मार्ग नाही. ही फिल्म तुम्हाला प्रयोग करायला देते आणि प्रयोगाचा अर्धा भाग डेव्हलपिंगच्या टाकीत असतो, तो दुसऱ्याच्या हातात देऊन उपयोग काय.

लागतं काय तर पॅटरसनची टाकी आणि रील, चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म टाकीत भरायची काळी पिशवी), थर्मामीटर, मेजरिंग जार, दोन-तीन बाटल्या. एक महत्त्वाचं, सिनेमात बघून लोकांना वाटतं लाल बल्ब लावून काम होतं. आमच्याकडे एक जुने स्टुडिओवाले काका आहेत, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू नावाचा फोटो छापायचा कागद वापरत वापरत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना मी पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा त्यांनी चहा सांगायच्या आधी हेच सांगितलं, "अरे बाळा, लाल दिवा कागदाला. फिल्मला मिट्ट काळोख. तिला लाल पण दिसतो." त्यांनी पेन्सिलने रिटच केलेल्या जुन्या काचेवरच्या निगेटिव्ह दाखवल्या, नवरीच्या गालावरचा व्रण असा भरलाय की भिंगाने बघितलं तरी पटकन सापडत नाही. काकांनी मला फुकट दिलेलं शिक्षण कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं.

आपल्याकडे खरा प्रश्न तापमानाचा. सगळे टाइम २० डिग्रीचे आणि उन्हाळ्यात साताऱ्याच्या नळाचं पाणी हाताला कोमट लागतं. मी टबात पाणी घेतो, फ्रीजमधला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात सोडतो आणि केमिकलच्या बाटल्या त्यात उभ्या करतो. अगदी २० वर आणायचा हट्ट नको, २४ वर थांबलात तरी चालतं, एका डिग्रीला साधारण आठ-दहा टक्के टाइम कमी धरायचा. पण पाच मिनिटांच्या खाली टाइम जाऊ देऊ नका, एकसारखं डेव्हलप होत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरतो, आयडी-११ ला २० डिग्रीला तेव्हा १३ मिनिटं होतात, मग गरमीत कमी झाले तरी हातात पुरेसा वेळ उरतो. टाकी दर मिनिटाला दहा सेकंद, चार वेळा उलटी-सुलटी, मग तळाला हलकी टपली म्हणजे बुडबुडे सुटतात.

डेव्हलपर विकतचा महाग पडत असेल तर घरी बनवा, खरंच बनवा. कोडॅकचा डी-७६ हा १९२७ पासूनचा फॉर्म्युला आहे आणि आयडी-११ जवळपास तोच. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कॉलेजच्या लॅबला केमिकल देणाऱ्या दुकानात यातलं बरंचसं मिळतं, मेटॉल मागवावं लागतं. ५० डिग्रीच्या आसपासच्या पाऊण लिटर पाण्यात चिमूटभर सल्फाइट टाकायचं, मग मेटॉल पूर्ण विरघळवायचं, मग बाकीचं सल्फाइट, मग उरलेले दोन, आणि शेवटी पाणी घालून लिटर पुरं करायचं. क्रम बदलू नका, सगळं सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल नीट विरघळत नाही. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते. भांडी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरातली अजिबात नको, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, घरात लहान पोरं असतात.

कॉफीत फिल्म डेव्हलप होते हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. होते. १९९५ला अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांच्या वर्गात हे निघालं. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी. आपल्याकडे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे चिकोरी मिसळलेली कॉफी चालत नाही, डब्यावर शंभर टक्के कॉफी लिहिलेलं बघून स्वस्तातली घ्या, भारीतली नको. एचपी५ वर निगेटिव्ह मिळते पण तपकिरी झाक आणि थोडा फॉग (सगळीकडे धुरकट थर) येतो, शिवाय वास असा की घरचे दार लावून घेतात. कॉलेजच्या पोरांना शास्त्र दाखवायला एकदम मस्त, पण लिंबच्या विहिरीचा रोल मी त्यात टाकणार नाही.

रोडिनल नावाच्या डेव्हलपरचं स्टँड डेव्हलपमेंट पण करून बघितलं. रोडिनल १८९१चं, अजून मिळतं, एकास शंभर पाणी, तासभर टाकी न हलवता ठेवून द्यायची. उन्हातला भाग आपोआप आवरला जातो कारण तिथला डेव्हलपर संपून जातो, आणि कडा तीक्ष्ण दिसतात. ऐकायला सोपं आहे, पण एचपी५ चा ग्रेन त्यात फार फुगतो आणि गरमीत तासभर ठेवलं की फॉग चढतो. मला नाही आवडलं. हेच काम कमी टाइमने जास्त स्वच्छ होतं.

फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) झाल्यावर धुण्यासाठी तासभर नळ सोडून बसायचं काही कारण नाही, आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची काय गत असते ते सगळ्यांना माहितीये. इल्फर्डनेच सांगितलेली पद्धत आहे, टाकी भरा, पाच वेळा उलटी करा, ओता, परत भरा, दहा वेळा, ओता, परत भरा, वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात फिल्म धुऊन निघते. बोअरचं पाणी असेल तर शेवटची एक टाकी आरओ किंवा डिस्टिल्ड वॉटरची, त्यात वेटिंग एजंटचा (पाणी फिल्मवर थेंब न धरता पसरून निथळवणाऱ्या द्रवाचा) थेंब, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके नेमके आकाशात वाळतात. मग बाथरूममध्ये खालच्या टोकाला चिमटा लावून टांगायची. ही फिल्म वाळल्यावर गुंडाळी होत नाही, सरळ राहते, स्कॅन करताना त्याचं सुख कळतं.

तोटे पण सांगतो. किंमत, रोल हजाराच्या आसपास जातो, दुकानागणिक वर-खाली, आणि सातारा-सांगलीत काउंटरवर मिळेल या भरवशावर राहू नका, मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. ग्रेन हा दुसरा, मोठी प्रिंट करायची असेल आणि विषय नाजूक असेल, म्हणजे फुलाची पाकळी किंवा लहान बाळाचा चेहरा, तर इल्फर्डचीच एफपी४ प्लस १२५ जास्त शोभते. आणि ढगाळ पावसाळी दिवशी ही फिल्म खरोखरच मलूल दिसते, तेव्हा मी २०० वगैरे न करता सरळ ८०० वर काढतो आणि टाइम वाढवतो, आयडी-११ मध्ये साडेदहा मिनिटं, त्याने जान येते. ठोसेघरचा धबधबा असाच काढलेला चांगला आलाय.

जास्त वापर असेल तर ३०.५ मीटरचा बल्क रोल घ्या आणि लोडरने घरीच रिकाम्या कॅसेटमध्ये भरा, त्यातून ३६चे अठरा-एक रोल निघतात आणि एका रोलचा खर्च बराच खाली येतो. लोडर महाग आहे, दोघा-तिघांत मिळून घेतला तर परवडतो, आम्ही तसाच घेतलाय. मे महिन्यात रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा हवाबंद डब्यात, आणि काढल्यावर दोन तास तरी डबा उघडू नका, नाहीतर पावसाळ्यात लगेच दव धरतं.